जेट-स्कीच्या पोटावरचे ओरखडे: रंगाचा डबा उघडण्याआधी

मालवणजवळच्या देवबागच्या एका वॉटरस्पोर्ट्सवाल्यांचा प्रश्न थोडक्यात असा: तीन सीटची सेकंडहँड जेट-स्की घेतली, कंपनी कुठली ते लिहिलेलं नाही. दोन हंगाम खाडीतल्या त्सुनामी आयलंड या बेटाच्या वाळूवर चढ-उतार करून पोटाला लांबच लांब ओरखडे पडलेत. कीलच्या, म्हणजे पोटाखालच्या मधल्या कण्याच्या, पुढच्या भागात एक काळपट पट्टा दिसतो, तिथे बोट फिरवलं की कुसळं टोचतात. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा ओळखीचा मिस्त्री म्हणतो, लांबी (पुट्टी) भरतो, वर टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) रंग मारतो, तीन दिवसांत घेऊन जा. करू का? आणि कुठल्या कंपनीचा रंग खाऱ्या पाण्यात टिकेल?

रंगाच्या कंपनीवर तुमचं काहीच अडलेलं नाही. अडलंय ते दोन गोष्टींवर: यंत्राचं पोट कशाचं बनलंय, आणि त्या काळपट पट्ट्यातून पाणी किती आत शिरलंय. या दोन्ही गोष्टी न बघता भारीतला भारी रंग मारलात तरी ऐन दिवाळीच्या गर्दीत त्याचे पापुद्रे सुटायला लागतील, आणि त्या आठवड्यात यंत्र उभं ठेवणं तुम्हाला परवडणारं नाही.

मिस्त्रीचं काम वाईट असतं असं मी म्हणत नाही. मी फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, जास्त करून मच्छीमारांच्या. जेट-स्की अधूनमधून येतात, आणि आल्या की त्यातल्या बऱ्याच आधी कुणीतरी लांबी भरून दिलेल्या असतात. लांबी म्हणजे पॉलिस्टर रेझिनमध्ये कालवलेली शंखजिऱ्याची पूड. गाडीच्या दाराला ती वर्षानुवर्षं टिकते, कारण दार पाण्यात बुडत नाही. पाण्याखाली मात्र रंगाच्या एखाद्या टाचणीएवढ्या छिद्रातून ओल आत जाते, लांबी ती शोषते, फुगते आणि वरचा रंग घेऊन सुटते. उकरून बघितलं तर आतली लांबी नखाने निघते, ओल्या खडूसारखी. तेव्हा पाण्याच्या रेषेखाली लांबी नको, एवढं पहिल्यांदा ठरवून टाका.

आता पोट कशाचं, ते. जेट-स्कीची पोटं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार आपल्या ओळखीचा: साच्यात जेलकोट (बाहेरचा रंगीत, कडक थर), त्यावर मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन, म्हणजे होडीसारखंच फायबर. दुसरा एसएमसी. यात काचतंतू आणि रेझिनची तयार चादर गरम साच्यात प्रचंड दाबाखाली दाबून पोट काढतात. यामाहाच्या पुष्कळ मॉडेल्सचं पोट असं असतं, त्यांचं नॅनोएक्सेल हे त्याचंच हलकं रूप. त्यावर जेलकोट नसतो, रंग असतो. तिसरा प्रकार चक्क प्लास्टिकचा. सी-डूची स्पार्क 2014 च्या मॉडेलपासून पॉलिटेक नावाच्या, पॉलिप्रॉपिलीनमध्ये काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची येते, पुढे त्यांच्या जीटीआयलाही तेच आलं.

ओळखायचं कसं? सीट काढा आणि टॉर्च घेऊन आतून बघा. आतली बाजू ओबडधोबड, मॅटचे धागे इकडेतिकडे पसरलेले दिसले तर हाताने घातलेलं फायबर. आतूनही एकसारखं गुळगुळीत असेल तर एसएमसी किंवा प्लास्टिक. या दोघांतला फरक ब्लेड सांगतं. कुठल्या तरी आडोशाच्या जागी नव्या ब्लेडने हलकं खरवडा. भुकटी पडली तर एसएमसी, आणि पेन्सिल तासल्यासारखी सलग साल वळत निघाली तर प्लास्टिक. ही चाचणी तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. कुसळं टोचतात म्हटल्यावर कुणीही पटकन फायबर उघडं पडलं असं म्हणेल, पण पॉलिटेकसुद्धा घासलं गेलं की केसाळ होतं.

प्लास्टिक निघालं तर माझं उत्तर इथेच संपतं. पॉलिप्रॉपिलीनला ना इपॉक्सी नीट धरत, ना पॉलिस्टर, ना रंग. वर आलेली केसं धारदार ब्लेडने साफ करा, खोल खाच असेल तर त्याच कंपनीचं दुरुस्तीचं किट वापरा किंवा प्लास्टिक वेल्डिंग येणाऱ्याकडे न्या. रंगकामाच्या नादाला लागू नका. बाकीचं सगळं फायबर किंवा एसएमसी धरून लिहितोय.

ओरखड्यांचं वर्गीकरण नखाने करा. पोट गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर तो ओरखडा विसरून जा. नख अडकतं, पण खाचेच्या तळाशी वरच्यासारखाच रंग आहे, तर ओरखडा जेलकोटमध्येच थांबलाय. जेलकोट साधारण अर्धा मिलीमीटर जाड असतो, त्यात बरीच झीज खपते. असे ओरखडे मी भाड्याने चालणाऱ्या यंत्रांवर भरतच नाही. पुढच्या शनिवारी त्याच वाळूवर तेच यंत्र पुन्हा ओढणार असाल तर आरशासारखं पोट करून उपयोग काय? गिऱ्हाईक ते बघत नाही, आणि फेऱ्या मारणाऱ्या यंत्राच्या वेगात त्याने जाणवेल असा फरकही पडत नाही. एसएमसीवर मात्र जेलकोट नसल्यामुळे रंग गेला की खाली थेट मूळ माल लागतो, तिथे जरा लवकर हात घालावा लागतो.

खाचेच्या तळाशी वेगळा रंग, धागे किंवा काळेपणा दिसला तर यंत्र पाण्यात घालू नका. तुमचा पट्टा याच जातीचा वाटतो. काळा रंग बहुधा उघड्या धाग्यांत साचलेल्या मळाचा आणि शेवाळाचा आहे. म्हणजे धागे काही काळापासून पाणी ओढतायत. किती ओढलंय हे बघायला एक जुना उपाय करा. रुपयाचं नाणं घ्या आणि पट्ट्यापासून वीतभर लांब सुरुवात करून टकटक करत पट्ट्याकडे या. चांगल्या जागी आवाज टणक येतो. जिथून तो बद्द होतो तिथे पेन्सिलीने खूण करा. चारही बाजूंनी अशा खुणा केल्यात की एक आकार तयार होईल, आणि तो डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यापेक्षा मोठा निघाला तर नवल मानू नका. मिस्त्रीने लांबी फक्त पट्ट्यावर भरली असती. दुरुस्ती त्या पेन्सिलीच्या आकाराची करायची असते.

यंत्र उलटं करण्याचा मोह टाळा. तीन सीटचं यंत्र तीनशे-चारशे किलोचं असतं. चार पोरं मिळून उलटं करतीलही, पण इंजिनातलं ऑइल आणि टाकीतलं पेट्रोल नको तिकडे जातं, आणि चुकीच्या बाजूने कलंडलं तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात शिरतं. कुठल्या बाजूने फिरवायचं याचं स्टिकर मागे लावलेलं असतं, ते पाण्यात पालथं झालं तर सरळ करण्यासाठी. कामासाठी चेन-पुलीने उचलून गादी लावलेल्या दोन घोड्यांवर (टेकूंवर) ठेवा, खालून उताणं पडून काम करा. त्याआधी बॅटरी काढा, तळाचे बूच उघडा, सीट काढून दिवसभर वारा लागू द्या. आत साचलेली पेट्रोलची वाफ जड असते, ती तळाशीच बसून राहते, आणि आपण ग्राइंडर घेऊन बसतो तेही तिथेच.

वाळवणं हा या कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि तीन दिवसांच्या वायद्यात नेमका तोच गाळला जातो. मीठ हवेतली ओल खेचत राहतं, म्हणून आधी उघडा भाग गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा. मग खराब थर ग्राइंडरने काढून धागे पांढरे, कोरडे दिसेपर्यंत जायचं, आणि मग थांबायचं. किती दिवस हे ओल किती खोल गेलीय त्यावर आहे, इथे बसून मी आकडा सांगू शकत नाही. तपासायला जागेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभर ऊन किंवा हॅलोजनची ऊब लागू द्या. प्लास्टिकच्या आतून दव धरलं तर अजून ओल आहे. धरलं नाही तर पुढे चला.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे कॅलेंडर. मे संपता संपता वॉटरस्पोर्ट्स बंद होतात, ऑगस्टअखेरपर्यंत बंदच राहतात, आणि सगळ्यांना दुरुस्ती आठवते ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर यंत्र तीन महिने दमट शेडमध्ये ताडपत्रीखाली ओलंच पडलेलं असतं. धंदा बंद झाला त्याच आठवड्यात यंत्र धुऊन उघडं केलंत, पाऊस लागायच्या आत जेवढं ऊन मिळेल तेवढं घेतलंत, तर निम्मं काम झालं. पावसात करायचंच असेल तर बंद खोली, दिवा आणि धीर, तिन्ही लागतात.

आता दुरुस्ती. घासायच्या आधी मेण काढा, घासल्यानंतर नाही. पॉलिशचं मेण पोटावर असताना वॉटर पेपर फिरवला की ते खाचांत भरलं जातं आणि तिथे पुढे काहीही धरत नाही. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. स्वस्तातला एनसी थिनर वापरू नका, तो मागे तेलकट थर सोडतो.

धाग्यांपर्यंत गेलेल्या जागेला मी इपॉक्सीच वापरतो. होडीच्या बाबतीत मी पॉलिस्टरने भागवलं असतं, पण जेट-स्कीला नाही, त्याला कारण आहे. एसएमसी साच्यातून सुटावं म्हणून त्याच्या मालातच मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं, त्यामुळे पॉलिस्टर त्याला हवं तसं धरत नाही. आणि साध्या फायबरवरसुद्धा जुन्या, पूर्ण सुकलेल्या थराला इपॉक्सीची पकड पॉलिस्टरपेक्षा चांगली असते. फायबर की एसएमसी हे ओळखण्यात तुमची गफलत झाली तरी इपॉक्सीने नुकसान होत नाही.

कडा उभ्या ठेवू नका. मोडलेल्या जागेभोवती उतार काढा, जाडीच्या बारापट लांब. म्हणजे चार मिलीमीटर खोल गेला असाल तर चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटरचा उतार. त्यावर काचकापडाचे तुकडे, मोठा आधी आणि मग क्रमाने लहान. कापडच घ्या, नेहमीची मॅट नाही. मॅटच्या धाग्यांना बांधून ठेवणारा चीक पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे मॅट ताठ राहते आणि वळणावर बसत नाही. आधी जागेवर नुसतं इपॉक्सी ब्रशने चोळून पाजा. मग थोड्या इपॉक्सीत एरोसिल (माल घट्ट करणारी सिलिकाची हलकी पूड) कालवून खाचा भरा, लगेच कापड, आणि रोलरने हवा काढा. वर पील प्लाय (सुकल्यावर सोलून काढायचं कापड) लावलंत तर घासण्याचं काम कमी होतं.

हार्डनरचं माप वजनकाट्यावर करा. पॉलिस्टरवर काम केलेल्या हातांना सवय असते की लवकर सुकायला हवं तर दोन थेंब जास्त. इपॉक्सीत ते चालत नाही. डब्यावर जे प्रमाण आहे तेच, कमी-जास्त केलं तर माल कायम मऊ राहतो. सुकल्यावर दमट हवेत वर चिकट-मेणचट पापुद्रा येतो, तो पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन काढल्याशिवाय घासू नका. मग 80 चा पेपर, मग 120, शेवटी 220. बारीक खड्डे राहतात ते एरोसिल घातलेल्या इपॉक्सीनेच भरायचे. घासायला जिवावर येतं, पण कीलवर मऊ, हलकी भर घातली तर पहिल्याच आठवड्यात वाळू ती खाऊन टाकते.

ज्या खाचा फक्त जेलकोटमध्ये आहेत आणि तुम्हाला त्या भरायच्याच आहेत, तिथे जेलकोट वापरा, अर्थात पोट जेलकोटवालं असेल तरच. खाच त्रिकोणी पटाशीने किंवा ड्रेमेलने (हातातल्या छोट्या ग्राइंडरने) थोडी उघडायची, कारण बारीक चिरेत माल उतरत नाही. हार्डनर एक ते दोन टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम. उन्हाळ्यात भराभर घट्ट होतो म्हणून एक टक्क्याच्या खाली जाऊ नका, अर्धवट सुकलेला जेलकोट पुढे पिवळा पडतो. हवेशी संपर्क असेल तर याची वरची बाजू चिकटच राहते, त्यामुळे एकतर मेणाचं द्रावण मिसळलेला माल घ्या किंवा भरल्यावर वरून प्लास्टिकची पट्टी दाबून बसवा. रंगाची छटा जुळवण्यात वेळ घालवू नका. पांढऱ्यातही पाच पांढरे असतात, आणि हे पोट आहे.

एक धोका ठळक सांगतो. आपल्याकडे पॉलिस्टर रेझिन बऱ्याचदा कोबाल्ट न घालता मिळतं आणि दुकानदार तीन बाटल्या हातात देतो: रेझिन, जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट ओतायचे नाहीत, भडका उडतो. दोघांसाठी एकच मापाचं झाकण वापरायचं नाही. मदतीला नवीन मुलगा असेल तर बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा.

इथवरचं थोडक्यात: ब्लेडने प्रकार ओळखा, नखाने खोली, नाण्याने पसारा. धागे दिसत नसतील तर सोडून द्या. दिसत असतील तर उघडा, वाळवा, इपॉक्सी आणि काचकापड.

मग रंग. अख्खं पोट रंगवू नका, एवढाच माझा सल्ला आहे. जुना जेलकोट धरून बसलेला आहे, त्यावर नवा रंग मारणं म्हणजे पुढच्या वर्षी सोलायला आणखी एक थर तयार करणं. रंग फक्त दुरुस्तीवर आणि तिच्या कडेने वीतभर. त्यासाठी टू-के इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर टू-के पॉलियुरेथेन. यंत्र रोज ट्रॉलीवर काढून ठेवत असाल तर हे चालतं. तुम्ही ते रात्री कर्लीच्या खाडीत बांधून ठेवत असाल तर उत्तर बदलतं. सतत बुडालेल्या पॉलियुरेथेनला फोड येतात, तिथे पाण्याखालचंच इपॉक्सी लागतं. आणि शेवाळ धरू नये म्हणून मच्छीमारांकडचा तांब्याचा अँटीफाउलिंग रंग उचलून लावू नका. जेट-पंपाचं घर अ‍ॅल्युमिनियमचं असतं, खाऱ्या पाण्यात तांबं शेजारी आलं की ते कुरतडलं जातं. त्यापेक्षा ट्रॉली स्वस्त.

रंगाची वेळ सकाळी ऊन चढल्यावर ते दुपारपर्यंत. पोटाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान तीन अंशांनी जास्त हवं, आणि आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळ झाली की हे गणित बिघडतं. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, स्प्रे करताना ते श्वासातून गेलं तर दमा कायमचा मागे लागू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरून हवा देणारा मास्क नसेल तर रोलर आणि ब्रशने लावा, पोटाला तेवढं फिनिशिंग पुरतं. शेवटचा हात दिल्यावर निदान आठवडाभर पाण्यात घालू नका, हाताला कोरडं लागलं तरी.

कीलवर मात्र मी रंग मारतच नाही. जिथे वाळू लागते त्या पट्टीवर शेवटचे दोन हात ग्रॅफाइटची पूड घातलेल्या इपॉक्सीचे देतो. दिसायला काळं, पण गुळगुळीत आणि कडक. घासलं गेलं की वर्षाअखेर पुन्हा एक हात. विकतची कीलची चिकटपट्टीही मिळते. ती चांगली असते, फक्त पुढच्या टोकाची कड सुटली की पाण्याच्या जोराने उचकटत जाते, तेव्हा ती कड इपॉक्सीने बंद करा.

हे सगळं झालं तरी चालवायची पद्धत तीच राहिली तर पुढच्या मेमध्ये पट्टा पुन्हा दिसेल. कंपन्यांच्या पुस्तिकांत यंत्राप्रमाणे 60 ते 90 सेंटिमीटरपेक्षा कमी खोल पाण्यात इंजिन चालवू नका असं लिहिलेलं असतं. तुमच्याकडे भरती-ओहोटीने सँडबारचा काठ रोज सरकतो, म्हणून कालच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. कमरेएवढ्या पाण्यात इंजिन बंद करून हाताने ओढत आणा, पोरांना तेवढी शिस्त लावा. किनाऱ्यावर ओढायला दोन रबरी रोलर ठेवलेत तरी खूप फरक पडतो.

आणि यंत्र घोड्यांवर चढवलंच आहे तर पंप बघून घ्या. किल्ली आणि सेफ्टी दोरी काढून ठेवा, मागून टॉर्च मारा, इम्पेलरच्या (पंपातल्या पंख्याच्या) भोवतीच्या वेअर रिंगवर, म्हणजे झीज सोसणाऱ्या कड्यावर, बोट फिरवा. दोन हंगाम वाळूत चाललेल्या यंत्राच्या रिंगमध्ये खाचा असतातच, आणि इंजिन ओरडतंय पण यंत्र पळत नाही ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. नवीन रिंग मागवायला वेळ लागतो, तेव्हा ती ऑर्डर पोट वाळत असतानाच देऊन टाका.